गयेला सोडलेले वाल

गयेला पिंड दिल्यावर पंडा विचारतो, काय सोडता? ज्याच्या नावानं पिंड दिला त्याच्यासाठी खाण्याची एक वस्तू जन्मभर सोडायची, पुन्हा तोंडात घालायची नाही, असा तो नेम आहे. आमच्या गावातून यात्रेची गाडी भरून गेली होती. माझ्या आधी जो बसला होता त्यानं फणस सोडला. त्याच्या आधीच्यानं अननस. धानोऱ्याच्या बाजारात मी आजवर फणस पाहिला नाही, आणि अननस पाहिला तो त्याच यात्रेत, रस्त्याच्या कडेला. पंड्याला काय, त्यानं मंत्र म्हटला, हातावरून पाणी सोडायला लावलं आणि पुढच्याला बोलावलं.

माझी पाळी आली. मी मायचं नाव घेतलं आणि म्हटलं, "वाल."

बरोबरचे लोक हसले. एकजण म्हणाला, येडा झाला का, हिवाळाभर काय खाशील? मी म्हटलं, जे सोडल्यावर काही दुखत नाही ते सोडलं काय आणि धरलं काय. मायला फणस देऊन मी काय तोंड दाखवू? आजही मी तेच म्हणतो. माझं त्यात काही चुकलं असं मला वाटत नाही. पण त्या एका शब्दाचं पुढं काय काय झालं ते सांगायचं आहे.

मायला वालच का, ते आधी सांगतो.

माय गेली तेव्हा मी दुसरीत होतो. माझी शाळा तिथंच संपली. ताप आला आणि दोन रात्रीत गेली. ताप येण्याआधी तिनं वाल भिजवून, फडक्यात बांधून, मोड यायला चुलीच्या वर खुंटीला टांगून ठेवले होते. पोटली तशीच राहिली. घरात रडारड, पाहुणे, भाऊबंदांच्या घरून आलेलं जेवण. पोटलीकडं कोण बघतो? राख सावडून लोक परत आले तेव्हा माझ्या मोठ्या बहिणीचं तिकडं लक्ष गेलं. आम्ही दोघंच. ती माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी, मी तिला आक्का म्हणायचो. तिनं पोटली उतरवली. मोड बोटाच्या पेराएवढे वाढले होते. बाया म्हणाल्या, फेक ते. आक्का म्हणाली, "मन्ही मायनी भिजाडेल शेतस. मी नही फेकाव."

तिनं ते सोलले आणि शिजवले. तोवर तिनं चुलीवर पाण्याशिवाय काही ठेवलं नव्हतं. बापाच्या आणि माझ्या पुढं वाट्या ठेवल्या. बाप खाली मान घालून खात राहिला. मी लहान. मी म्हटलं, "आक्का, मीठ कमी शे."

तिनं माझ्या डोक्यात टपली मारली. "मंग तू रांध," म्हणाली आणि पदर नव्हता म्हणून परकराचं टोक डोळ्यांना लावलं.

तेव्हापासून ते आमचं ठरूनच गेलं. ती सारंगखेड्याला दिली गेली, तापीच्या काठाला. तिकडची जमीन गाळाची, तिच्या बांधावर वाल असे येत की वेल दिसायचा नाही, नुसत्या शेंगा. दर हिवाळ्यात मी तिच्याकडं जायचो किंवा ती पोटली घेऊन यायची. वाल रांधायची, माझ्यापुढं वाटी ठेवायची आणि कमरेवर हात देऊन उभी राहायची. मी घास घ्यायचो, चावायचो, उगाच वेळ काढायचो आणि म्हणायचो, "मीठ कमी शे." ती म्हणायची, "मंग तू रांध." मेहुणे हसायचे. त्यांनाही पाठ झालं होतं. मेहुणे गेल्यावर हसायला कोणी राहिलं नाही, पण आम्ही बोलायचं सोडलं नाही. चांगलं झालं असं मी तिला कधी म्हटलं नाही. आमच्यात पुरुषमाणूस जेवणाला चांगलं म्हणत नाही, मुकाट्यानं दुसऱ्यांदा वाढून घेतो.

तर गयेहून आलो. माझी बायको तेव्हा होती. तिनंच आक्काला सांगितलं असणार. आक्का सारंगखेड्याहून आली ती चपला काढायच्या आधी ओट्यावरूनच बोलली.

"काय सोडं रे भाऊ?"

"वाल."

"लोके फनस सोडतस. तू वाल सोडात?"

"मायकरता सोडात. मायनी भिजाडेल व्हतात ना त्या, म्हनीसन."

मग म्हणाली, "मायनी भिजाडात. पन रांधात मी." आणि थोड्या वेळानं, "माय ते मरी गई. मी जित्ती शे ना भाऊ. मन्हा हातनं काब्र सोडं तू?"

मी म्हटलं, आन घेतली ती घेतली. ती पाणी न पिता परत जायला निघाली होती, बायकोनं हाताला धरून बसवली.

पण तिची पोटली यायची थांबली नाही. दर हिवाळ्यात यायची. घरातले सगळे खायचे, मी भाकरीबरोबर दुसरं काही घ्यायचो. ती असली तर वाल माझ्या शेजारच्या ताटात वाढायची आणि माझ्याकडं न बघता म्हणायची, "काही लोकेसले मीठ कमी लागस, त्यासनी बोलूच नही." मी मान वर करायचो नाही. वास यायचा. लसूण, ओवा, आणि वालाचा तो स्वतःचा उग्र वास. मायला पोचत असेल असं मनाशी म्हणायचो आणि भाकरी मोडायचो.

मागच्या वर्षी आक्काच्या गालाला आतून गाठ निघाली. मिसरीची सवय. तिचा मुलगा सुरतेला मिलमध्ये, त्यानं तिकडंच नेलं, तिकडंच शेक दिला. शेक म्हणजे यंत्राखाली झोपवतात, बाहेरून काही दिसत नाही, आतून माणूस भाजतं. मी भेटायला गेलो. एका खोलीत मुलगा, सून, त्यांची लेकरं आणि कोपऱ्यात आक्का. मला बघून म्हणाली, "माले गावले लई जाय." तिचं सारंगखेड्याचं घर बंद, मुलाला कामावरून सुटी नाही. मी तिला माझ्या घरी आणली. गाडीत खिडकीशी बसली होती. मांडीवर एक फडक्याची पोटली, दोन्ही हातांनी धरलेली. मी विचारलं, काय आहे? "तुले काय करनं? तू थोडाच खास," म्हणाली. तेव्हा मला कळलं, वाल. आजारपणात सारंगखेड्याहून सुरतेला नेले होते आणि सुरतेहून परत आणले.

घरी ओट्यावर ऊन येतं तिथं तिची खाट टाकली. दूध, पातळ पेज, त्याहून जास्त काही उतरायचं नाही. आणि चव गेली होती. सगळीच. माझी सून एकदा पेजेत साखर घालायला विसरली, एकदा चुकून मीठ दोनदा पडलं, आक्काला दोन्ही सारखंच. म्हणायची, "तोंडमा नुस्ती माती शे. गोड नही, खारं नही." डॉक्टर म्हणाला होता, हळूहळू परत येईल. ती आम्हाला म्हणाली, "माले तेवढा टाइम शे का, ते त्याले इचारा."

एक दिवस उन्हात बसलो होतो. ती म्हणाली, "भाऊ, माले वाल खावाना शेतस."

मी म्हटलं, घास उतरत नाही आणि वाल?

"माले म्हाईत शे. मी नही खाव. तू रांध. मन्हासमोर बसीसन तू खाय. अन् कसा लागतस ते माले सांग."

"मी सोडेल शेतस आक्का. तुले म्हाईत शे."

"म्हाईत शे. म्हनीसन ते सांगस."

तिनं पुन्हा म्हटलं नाही. भिंतीकडं तोंड केलं. पेज घ्यायची, औषध घ्यायची, सगळं नीट करायची. पण माझ्याशी बोलताना जी एक टोचणी असायची ती गेली. मला शहाण्यासारखं वागवायला लागली. तेच मला सहन होईना.

आन म्हणजे आन. ती मोडली तर मायच्या ताटातून काढून घेतल्यासारखं होतं. आणि नाही मोडली तर ही समोर. मी रात्रंदिवस तेच घोकत होतो आणि कुणाला सांगायची सोय नव्हती. सुनेला सांगितलं असतं तर तिनं सरळ म्हटलं असतं, खा ना आबा, काय होतं त्याला. तिचं माहेर नवापूरकडचं, तिकडं बोलणं असं उघडं.

तशात आक्काचं औषध आणायला नंदुरबारला गेलो. मिरचीचे दिवस. गावाबाहेर पथाऱ्या लागलेल्या, सगळीकडं लाल, रिक्षात बसून नाकाला रुमाल लावून बसायचं. औषध घेतलं आणि एका मारवाड्याच्या धान्याच्या दुकानापुढं थांबलो. बापजाद्यांपासून आमचं तिथूनच घेणं. पोत्यांत वाल होते, आणि शेजारच्या पोत्यात आणखी काहीतरी, वालासारखंच पण जाड, चपटं, अंगठ्याच्या नखाएवढं, तपकिरी.

"हे काय? वालच ना?"

शेठ हसला. "नाही बाबा, ये वाल नाही. वालाचा मोठा भाऊ समजा. आम्ही बाकला बोलतो. भिजवा, सोला, वालासारखंच रांधा. खाऊन बघा, कोणाला समजणार नाही."

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. मी सोडले वाल. बाकल्याचं नाव पंड्यापुढं कुणी घेतलं होतं? मायचं मायला राहील आणि आक्काचं आक्काला. मी स्वतःवर इतका खूश झालो की परतीच्या गाडीत शेजारच्या माणसाला विनाकारण बिडी दिली.

घरी येऊन म्हटलं, "आक्का, रांधस वाल." ती खाटेवर उठून बसली. किती दिवसांनी बसली असेल.

मी मागच्या खोलीत भिजवले, तिच्या नजरेआड. सून आत आली. "आबा, ह्या कोनता वाल? एवढा मोठाल्या?" मी म्हटलं, तू गप राहा. साल अशी की चामडं. वालाचं साल चिमटीत दाबलं की दाणा टुणकन उडतो, याला नखं लावावी लागली. सून म्हणाली, "थोडी साखर टाकू का? आम्हनाकडे टाकतस." मी म्हटलं, साखर टाकलीस तर तुझ्या माहेरी पाठवीन बगोण्यासकट. लसूण ठेचला, ओवा टाकला, हिरवी मिरची, तेल, झाकण ठेवून मंद आचेवर. आक्का ओट्यावरून विचारत होती, "पानी किती टाकं? लसून जळू देऊ नको. वावरमा बैल हाकलस तसा चमचा हालाडू नको, मोडतीन." मी आतून हो हो म्हणत होतो.

ताट घेऊन ओट्यावर आलो. दादर ज्वारीची भाकरी आणि वाटी. तिनं वाटी नाकाशी धरायला लावली. म्हणाली, लसूण कळतो थोडा. रश्श्यात बोट बुडवून जिभेवर टेकवलं, वाट बघितली. मान हलवली. "पानी. आते तू खाय."

मी घास घेतला. तिनं डोळे मिटले.

"सांग."

"चांगला शेतस."

"चांगला? पाव्हना शे का तू?"

"मऊ शिजनात."

"मीठ?"

"बरोबर शे."

तिनं डोळे उघडले. "जलममा तुले मीठ बरोबर लागनं नही."

"आज मी रांधं ना. मंग बरोबर राहीच."

ती हसली. हसल्यावर गाल दुखायचा, हात लावून धरला, पण हसली. मला वाटलं, जमलं. मग तिनं विचारलं, "गिळावर मांगतून कडू लागस का?"

मी बाजारात बैल विकला तेव्हाही लाथ मारतो हे आधी सांगून विकला. खोटं बोलायची मला सवय नाही. आतापर्यंत जे बोललो त्यात खोटं काही नव्हतं, मी वाल हा शब्दच काढला नव्हता. पण तिनं कडूचं विचारलं.

"नही," मी म्हटलं.

"मंग त्या वाल नहीत."

तिनं हात पुढं केला. मी वाटीतला एक दाणा तिच्या तळहातावर ठेवला. दोन बोटांत फिरवून बघितला. "कोनता शेतस ह्या?"

"बाकला म्हनतस. वालना मोठा भाऊ, असं शेठ म्हने."

"आखो एक भाऊ," ती म्हणाली. दाणा वाटीत परत टाकला. मला वाटलं आता चिडेल, बोलेल, तिनं बोलावं असं मला वाटत होतं. पण ती हळूच म्हणाली, "तुन्ही आन मोडाले मी नही सांगस भाऊ. मायनं शे ते, ऱ्हाऊ दे मायले. पन मन्हा पोर तिकडे सुरतमा फरसान खास. सून मन्ही पॅकेट फोडस. माले चव नही. तू सोडेल शे. मन्हा हातना वाल कसा लागेत, हाई मी मरनू म्हंजे कोनले म्हाईत ऱ्हाई?"

एवढं बोलून दमली. आडवी झाली. मी ताट घेऊन आत आलो. बाकल्याची भाजी गाईपुढं टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या उशाची पोटली घेतली. तिनं बघितलं. पोटलीची गाठ सोडली. लहान, टपोरे, तिच्या बांधावरचे. सकाळीच कोमट पाण्यात टाकले, तिच्या खाटेजवळ, तिच्यासमोर. संध्याकाळी उपसून फडक्यात बांधले. थंडी होती, मोड यायला ऊब लागते. मी चुलीकडं निघालो तर म्हणाली, "इकडे दे." पोटली गोधडीत स्वतःच्या पोटाशी घेतली. तिला सारखी कणकण असायची, अंग तापलेलं. दोन दिवस पोटली तिच्याजवळ होती. मधूनमधून हात घालून बघायची आणि सांगायची, फुटले. अजून नाही. आता झाले, काढ.

सोलायला आम्ही दोघं बसलो. ती पडल्या पडल्या. तिच्या बोटांत ताकद नव्हती तरी ती बोटं विसरली नव्हती. चिमटीत घ्यायची, दाबायची, दाणा उडून गोधडीवर पडायचा. लहानपणी असा उडालेला दाणा मी तोंडात झेलायचो. मला ते आठवलं, तिलाही आठवलं असणार, कारण तिनं एक दाणा मुद्दाम माझ्याकडं उडवला. माझ्या छातीला लागून खाली पडला.

रांधले. ताट घेऊन ओट्यावर आलो. बसण्याआधी तांब्यातलं पाणी तळहातावर घेतलं, गयेला घेतलं होतं तसं. सोडताना मंत्र असतो. परत घेताना काय म्हणायचं ते पंड्यानं सांगितलं नव्हतं. मी मनात म्हटलं, माय, तुला दिलं होतं ते उचलतो. रागावशील तर माझ्यावर रागाव. पाणी ओट्याखाली टाकलं.

आक्का बघत होती. "खरंच खास का?" तिनं विचारलं. आवाज बारीक झाला होता.

मी भाकरीचा तुकडा मोडला, वाल घेतले, तोंडात घातले. किती वर्षांनी. चावले. गिळले. आणि काही ठरवलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं.

"मीठ कमी शे."

आक्कानं दोन्ही हात तोंडावर नेले. हसते की रडते कळेना. गाल धरला, डोळ्यांतून पाणी. "मंग तू रांध," असं म्हणायला गेली आणि लक्षात आलं की मीच रांधले आहेत, म्हणून आणखी हसली.

मग मी तिला सांगितलं. मला बोलायला येत नाही, या बाबतीत तर मुळीच नाही, पण सांगितलं. आधी लसूण लागतो, तो जरा जळला आहे, तू असतीस तर जळू दिला नसता. मग वाल. दाताखाली उभा राहतो आणि जिभेवर टेकला की पीठ होतो. ओवा मधूनच येतो, नाकात जातो. गिळून झालं की घशाजवळ कडू. कडुलिंबाची काडी चावल्यासारखं, पण तेवढं नाही. आणि ते कडू जात नाही तोवर पाणी प्यावं, पाणी गोड लागतं. मी चावत होतो तसा तिचा जबडा हलत होता. तिला ते समजत नव्हतं. माझा घास संपला की ती थांबायची, मी दुसरा घेतला की पुन्हा हलवायची.

"मी रांधस तसाच शेतस का?" तिनं विचारलं.

"लसून सोडीसन, तसाच."

"अन् मायनासारखा?"

मी आठवून बघितलं. खरंच प्रयत्न केला. मायचे हात आठवले, बांगड्या आठवल्या, खुंटीची पोटली आठवली. तिच्या वालाची चव कुठंच नव्हती. जीभ जिथवर मागं जाते तिथवर आक्काच.

"मायना कसा लागेत ते माले याद नही," मी म्हटलं.

आक्कानं गोधडी अंगावर ओढली. मग म्हणाली, "माले बी नही."

मी वाटी पुसून खाल्ली. दुसऱ्यांदा वाढून घेतलं. ती बघत होती. त्याहून मोठं काही मी तिला बोलून सांगू शकलो नसतो.

होळीच्या आधी ती गेली. सकाळी. उन्हात खाट सरकवायला गेलो तर उठली नाही. शेवटी शेवटी तिला पेजही जात नव्हती, तिच्या वालातले एक मूठभर मी वेगळे काढून ठेवले होते, ते बघून म्हणाली होती, "रांधू नको त्या. पेर."

तेराव्याला तिचा मुलगा म्हणाला, "मामा, सुटी मिळनी की गयेले जाऊ. आईना नावनं तुम्ही बी काहीतरी सोडा." चांगला मुलगा आहे, आईसाठी त्याला काही करायचं होतं. सगळे भाऊबंद बसलेले. मी म्हटलं, मी काही सोडणार नाही. पिंड दे, मी बरोबर येतो, पण मी सोडणार नाही. लोकांनी एकमेकांकडं बघितलं. आईसाठी वाल सोडणारा बहिणीसाठी फणसही सोडत नाही, असं कुणीतरी हळू बोललं, माझ्या कानावर पडेल एवढं हळू. मी सांगत बसलो नाही. गावात माझी आन मोडल्याचंही पुढं कळलं. एक म्हातारा म्हणाला, प्रायश्चित्त घे. मी म्हटलं, बघू.

मायचं मनात येतं, नाही असं नाही. वाल भिजवून गेली, खायला राहिली नाही. मुलानं एक वस्तू दिली ती त्यानंच परत घेतली. ती तिकडं काय म्हणत असेल मला माहीत नाही. आता आक्काही तिकडंच आहे, तिनं समजावलं तर समजावलं. मी तरी दुसरं काय करणार होतो?

पावसाळ्यात ते मूठभर वाल मी परसात पऱ्हाटीच्या काड्यांच्या कुंपणाला लावले. आमची जमीन काळी, तापीचा गाळ नाही. वेल चढला, पण तिच्याकडच्यासारखा नाही, पानंच जास्त. थंडी पडली तसं फूल आलं, शेंगा धरल्या. वाळवून, सोलून जे निघाले ते एका वाटीचे. निम्मे बियाण्याला ठेवले.

निम्मे काल रांधले. भिजवले, बांधले. ऊब द्यायला पोटली गोधडीत घेऊन निजलो, दोन रात्री. सुनेला हसू आलं असेल, पण तिनं दाखवलं नाही. लसूण जळू दिला नाही. ओट्यावर ऊन होतं तिथं ताट घेऊन बसलो. सूनही आपली वाटी घेऊन आली, उंबऱ्याशी बसली. साखर तिनं मागितली नाही. एक घास खाल्ला, गिळला, तोंड थोडं वाकडं केलं, कडू लागलं असणार. मग म्हणाली, "आबा, मीठ जरा कमी शे ना?"

मी तांब्या उचलला. पाणी प्यालो.

"मंग तू रांध," मी म्हटलं.

ती मीठ आणायला आत गेली. मी तोवर थांबलो नाही. होते तसेच खाल्ले.